आप्पांचा मशीनचा ब्रश

गहिनीआप्पा दात घासायला बसले की आमच्या ओळीतली जनावरं चारा खायची थांबत. आधी आप्पांचा तांबडा बैल कान मागं टाकायचा, मग माझी गाय मान वळवून बघायची. समोरच्या कौसाबाईची म्हैस टँकरच्या हॉर्नलासुद्धा कधी दाद देत नसे. पण तीही रवंथ अर्धवट सोडून, जबडा तसाच तिरका ठेवून उभी राहायची. आप्पांच्या तोंडातून घुंऽऽ असा आवाज यायचा, गांधीलमाशी डबीत कोंडल्यासारखा. तो थांबला की जनावरं पुन्हा चाऱ्याला तोंड लावत, आणि आमच्या ओळीत दिवस उजाडला असं धरलं जाई.

आप्पांकडं विजेवर चालणारा दातांचा ब्रश होता. आष्टी तालुक्यातल्या एका उघड्या माळावरच्या चारा छावणीत, जिथं तोंड धुवायला तांब्याभर पाणी मिळालं तर माणूस खूश व्हायचा, तिथं हा ब्रश कसा आला ते सांगतो. पण त्याआधी छावणीचं थोडं सांगायला हवं.

त्या वर्षी पावसानं अशी पाठ फिरवली की उन्हाळा लागायच्या आतच विहिरींचे तळ दिसले. घरी ना कडबा, ना पाणी. मग सरकारी अनुदानावर आमच्या भागातल्या एका दूध संस्थेनं माळावर छावणी उघडली. जनावरं तिथं नेऊन दावणीला बांधायची आणि घरातल्या एका माणसानं त्यांच्याजवळ राहायचं. आमच्या घरातून वडील राहिले होते, पण त्यांचे गुडघे माळावरच्या दगडांपुढं टिकले नाहीत. मी शाळामास्तर. सुट्टी लागल्या दिवशी त्यांना घरी पाठवलं आणि त्यांच्या जागी मी राहायला आलो. चार बांबू, वर हिरवी जाळी, एक बाज, दोन गाई, एक कालवड. आणि बांबूच्या पलीकडं शेजारी गहिनीआप्पा.

वय साठीच्या पुढचं. अंगानं बारीक, पण कणा ताठ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. हिवाळ्यात साखर कारखान्याला बैलगाडीनं ऊस वाहायचा आणि उरलेलं वर्ष कोरडवाहू रानात बाजरी-तुरीशी झुंजायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण असं आयुष्य आमच्या ओळीत कुणाचंही होतं. आप्पांचं वेगळेपण एका शब्दात होतं. तो शब्द म्हणजे ‘कावून’. पुण्या-मुंबईकडचे लोक ‘का’ म्हणतात आणि विषय संपवतात. आमच्याकडं ‘कावून’ म्हणतात, आणि आप्पांच्या तोंडून तो निघाला की विषय सुरू व्हायचा.

टँकर आला की बाकीचे बादल्या घेऊन धावत. आप्पा ड्रायव्हरजवळ जाऊन उभे राहत. “येताना पानी सांडतंय अन् जाताना न्हाई सांडत. कावून?” ड्रायव्हर म्हणे, “जाताना रिकामा असतो ना, आप्पा.” आप्पा मान हलवत. “ते मला बी कळतंय. पर रस्ता तोच, खड्डे तेच. मग येताना हळू कावून न्हाई येत तू?” पुढच्या खेपेपासून तो ड्रायव्हर पलीकडच्या ओळीकडून आत शिरायला लागला.

एकदा जनावरांचे डॉक्टर लस टोचायला आले होते. आप्पांनी त्यांना विचारलं, “साहेब, गाईला वरच्या बाजूला म्होरले दात न्हाईत. देवानं खालचे दिले, वरचे कावून न्हाई दिले?” डॉक्टर घाईत होते. म्हणाले, “निसर्ग आहे आप्पा.” आप्पांनी मला हळूच सांगितलं, “गुरुजी, निसर्ग म्हंजी ह्यास्नी बी ठाव न्हाई.”

अशा माणसाच्या हातात एक दिवस तो ब्रश पडला.

झालं असं, की आष्टीहून कुरियरवाल्याचा आप्पांना फोन आला, तुमचं पार्सल आलंय, माळावर आम्ही येत नाही, घेऊन जा. मी वडिलांची औषधं आणायला तसाही जाणार होतो, तेव्हा मीच ते आणलं. लांबट खोका, वर पुण्याचा पत्ता. आप्पांनी तो हातात घेतला, पण लगेच फोडला नाही. बाजेवर ठेवला, बैलांना पाणी दाखवलं, शेण भरलं, हात धुतले आणि मग येऊन बसले. आत एक पांढरा दांडा, एक बारकी बैठक आणि घडी घातलेला कागद. चिठ्ठी वगैरे काही नव्हती.

“बॅटरी हाय का?” कौसाबाईनं समोरून विचारलं.

“मला वाटतं पाठ चोळायचं असंल,” आप्पा म्हणाले.

मी सांगितलं, हा दात घासायचा ब्रश आहे, स्वतःहून फिरतो. कौसाबाईनं बोटावरची मिसरी तशीच ठेवून आमच्याकडं बघितलं. “अन् आप्पानं काय करायचं मग?”

“कुणी पाठवलंय?” मी विचारलं.

“पोरीनं,” आप्पा म्हणाले, आणि कागदाची घडी उलगडून उलटी धरून वाचायला लागले. आप्पांना वाचता येत नव्हतं. तेव्हा मी ओळखलं की पुढं विचारायचं नाही.

आयुष्यभर आप्पांनी चुलीतल्या राखुंडीनं दात घासले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते टूथपेस्ट घेऊन बसले. ब्रशवर पेस्टचा गोळा ठेवला आणि तोंडात घालायच्या आधीच बटण दाबलं. जे व्हायचं ते झालं. पेस्ट सदऱ्यावर उडाली, माझ्या बाजेवर उडाली, तांबड्या बैलाच्या कपाळावर तिचा टिळा लागला. बैल दोन पावलं मागं सरकला आणि त्यानं आप्पांकडं जे बघितलं ते मी अजून विसरलेलो नाही.

कौसाबाई म्हणाली, “आप्पा, दात घासायलाव का फवारा मारायलाव?”

आप्पा ब्रशकडं बघत होते. राग नाही, लाज नाही. डोळ्यांत फक्त तो शब्द.

पुढचे काही दिवस ब्रशची चौकशी चालली. पहिली गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती ही, की तो चालता चालता मधेच क्षणभर अडखळतो आणि पुन्हा सुरू होतो. आप्पांचं मत पडलं की त्याला धाप लागते. “जीव बारका हाय त्याचा. एवढं तोंड एका दमात कसं व्हईल?” म्हणून तो अडखळला की आप्पा बटण दाबून बंद करत, त्याला बाजेवर ठेवत, आणि थोड्या वेळानं पुन्हा उचलत. दात घासणं त्यामुळं बराच वेळ चाले. जनावरं उपाशी.

शेवटी मी तो घडीचा कागद मागून घेतला. त्यात बऱ्याच भाषा होत्या, मराठी तेवढी नव्हती. हिंदीतलं वाचून मी सांगितलं, “आप्पा, त्याला धाप लागत नाही. तोंडाचे चार भाग धरलेत. वरचा उजवा, वरचा डावा, खालचा उजवा, खालचा डावा. एकाचा वेळ संपला की तो थांबून खूण करतो. म्हणजे आपण पुढच्या भागाकडं जायचं.”

आप्पांचा चेहरा उजळला. “मंजी पाळी. हिरीच्या पान्याची अस्ती तशी. चार वाफे, अन् ह्यो बारं देनारा, पानी सोडनारा.”

“अगदी तसंच.”

“पर गुरुजी, बारं देनाऱ्याचं एक असतंय. चवथ्या वाफ्याला पानी कमी पडतंय. तवर हिरीचं संपतंय.” मग त्यांनी जिभेनं खालच्या डाव्या बाजूच्या दाढा चाचपल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून चौथ्या वाफ्यापासून सुरुवात केली.

दुसरी पंचाईत विजेची. छावणीच्या ऑफिसात, म्हणजे पत्र्याच्या एका खोलीत, एकच बोर्ड होता. सगळ्या ओळींचे मोबाईल त्याच्यावर जगायचे. लाईट असेल तेवढ्यात ज्याचा नंबर लागेल त्याचा फोन चार्ज. आप्पांनी ब्रशची बैठक तिथं नेऊन लावली आणि ब्रश तिच्यावर उभा केला, तो काढलाच नाही. सकाळी दात घासले की परत बैठकीवर. त्यांचं म्हणणं, दावणीचं जनावर आहे, दावणीलाच राहणार. दुपारी एकदा जाऊन बघून येत. हिरवा दिवा लागलेला असला की म्हणत, “खायलंय.”

लोकांनी दूध संस्थेच्या चेअरमनकडं तक्रार केली. चेअरमन साहेबराव हे एरवी साधे गृहस्थ, पण चार माणसं समोर बसली की त्यांच्या तोंडात संस्थेची भाषा येई. जाळीखाली सगळे जमले. चेअरमन उभे राहिले. “आजच्या सभेपुढचा विषय असा, की सभासद गहिनीनाथ यांची दात घासायची मशीन सार्वजनिक बोर्डावर चोवीस तास असते. ही चैनीची वस्तू आहे. तरी ती काढण्यात यावी असा ठराव…”

“चैनीची कावून?” आप्पा बसूनच म्हणाले.

“दात बोटानं घासता येतात, आप्पा.”

“येत्यात की. सभेत बी तोंडानं बोलता येतंय. मग संस्थेच्या वार्षिक सभेला तुमी कर्णा कावून लावता?”

सभा हसली. चेअरमन पण हसले, पण ठराव तसाच राहिला. तेव्हा कौसाबाई उठली. छावणीच्या सभेत बायका सहसा बोलत नसत, आणि कौसाबाई सहसा गप्प बसत नसे. ती म्हणाली, “मी समोर ऱ्हाते, रोज बघते. आप्पाला तोंड धुवायला गिलासभर पानी पुरतंय. तुमी बाकीचे गडी खाकरून खाकरून अर्धी बादली सांडता. आधी त्याचा ठराव घ्या.”

यावर सगळ्यांनाच एकदम घसा साफ करावासा वाटला, पण कुणी केला नाही.

तोड मी सुचवली. कागदात लिहिलं होतं की ब्रश एकदा पोटभर चार्ज झाला की बरेच दिवस चालतो. तेव्हा त्याला फक्त रविवारी बोर्ड द्यावा. ठराव सर्वानुमते पास झाला. आप्पांचा मात्र त्यावर विश्वास नव्हता. सोमवारी सकाळी त्यांनी ब्रश सुरू केला आणि कानाला लावून ऐकला. मंगळवारी पुन्हा. आठवड्याच्या मध्यावर माझ्या बाजेशी येऊन आजारी वासराची खबर सांगावी तसं म्हणाले, “अजून जगायलंय, गुरुजी.”

एकदा ते एका नातेवाइकाच्या तेराव्याला एसटीनं गेले. मुक्काम होता म्हणून ब्रश पिशवीत घेतला. गर्दीत कुणाचा तरी कोपरा लागला आणि पिशवी घुरघुरायला लागली. कंडक्टरनं गाडी थांबवली. “ही वाजायलेली पिशवी कुणाची बे?” आप्पांनी हात वर केला. पिशवी उघडून ब्रश दाखवला. कंडक्टरला पटेना, तेव्हा आप्पांनी तिथंच सीटवर बसून दात घासून दाखवले, कोरडेच, चारही वाफे. पुढच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, “बाबा, लहान लेकरासाठी असला मिळतो का?” आप्पा म्हणाले, “थांबा, पोरीला इचारतो.” आणि गाडी पुन्हा सुरू होताच त्यांनी फोन लावला. हे त्यांनीच मला आल्यावर सांगितलं. सांगताना त्यांना कंडक्टरचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. “मिळतो म्हनली ती. बारक्या तोंडाचा येगळा अस्तो. लई येळ सांगत व्हती,” हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

एका दुपारी मी बाजेवर पडलो होतो. वारा नव्हता, जाळीखाली नुसता उकाडा कोंडला होता. बांबूच्या पलीकडं आप्पांनी फोन लावला. फोन ते कानाला लावत नसत, तळहातावर ताटलीसारखा धरत, त्यामुळं पलीकडचं बोलणं मलाही ऐकू यायचं.

“हां, आप्पा,” मुलीचा आवाज आला. कामातला आवाज, जरा तुटक.

“जेवलीस का?”

“जेवले. तुम्ही?”

“जेवलो.” माळावरून एक टिटवी ओरडत गेली. “मी काय म्हनतो, संगे. ते ब्रश मधीच थांबतंय बग. कावून थांबत असंल?”

मी उठून बसलो. म्हातारा विसरला की काय असं वाटून मी बांबूपलीकडं डोकं काढलं, तोंड उघडलं. आप्पांनी माझ्याकडं न बघता मोकळा हात वर केला. गप्प राहा.

पलीकडं संगीता सांगायला लागली. तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला ठरलेला वेळ, जोरात दाबायचं नाही, हिरड्यांच्या कडेनं फिरवायचं. तिचा आवाज हळूहळू सैल होत गेला. आप्पा “हां, हां” करत होते. मधेच म्हणाले, “अस्सं व्हय. मला वाटलं त्याला धाप लागती.” पलीकडून हसल्यासारखा एक आवाज आला.

फोन ठेवून ते माझ्याकडं वळले.

“आप्पा, हे तर मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं.”

“दाखवलंतं की. समजलं बी व्हतं.” त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला. “तुमी सांगून मोकळे झाले गुरुजी. मग म्या तिला काय इचारू?”

मग तेच पुढं बोलले, बैलाच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडं पाठ करून. संगीता त्यांची एकुलती मुलगी. लग्न करून दिलं. दोन दिवाळ्या झाल्यावर एक दिवस ती पिशवी घेऊन परत आली. म्हणाली, आप्पा, मला तिथं परत नाही जायचं.

“म्या म्हनलो, चार दिस ऱ्हा अन् जा माघारी. दुसऱ्या दिसी सकाळच्या गाडीनं गेली, पर तिकडं न्हाई, पुन्याला. तितं दाताच्या डागदराकडं कामाला लागली. लई वर्सं बोलली न्हाई. म्या बी न्हाई.” बैलानं कान हलवले. “मंग ह्यो खोका आला. म्या फोन लावला अन् इचारलं, ह्ये चालू कसं करायचं?”

थोड्या वेळानं ते म्हणाले, “समद्या जगाला इचारतो, गुरुजी. ती आली त्या दिसी तिला न्हाई इचारलं, कावून आलीस म्हनून.”

त्यानंतर त्यांनी वैरण टाकली आणि मी पाण्याला गेलो. आमच्यात पुन्हा त्यावर बोलणं झालं नाही. पण मी त्यांना प्रश्न पुरवायला लागलो. ब्रशच्या केसांचा निळा रंग फिका का पडतो? पावसाळी हवेत तो ठेवायचा कसा? डाव्या हातानं घासलं तर चालतं का? काहींची उत्तरं मला ठाऊक होती. आप्पा ते प्रश्न नीट ऐकून घेत, दोनदा म्हणून बघत, आणि दुपारी फोन लावत.

कौसाबाईला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिला सांगावं लागत नसे. एके दिवशी फोन चालू असताना ती मुद्दाम उठून आली. “इचारा तिला, ह्या ब्रशाला मिसरी लावली तर चालंल का?” आप्पांनी विचारलं. पलीकडं संगीता मोठ्यानं हसली. मी तिचं हसणं पहिल्यांदाच ऐकलं. बहुतेक आप्पांनीही फार दिवसांनी ऐकलं असावं. त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्याकडं बघत राहिले, त्यात काही दिसत नव्हतं तरी. पुढं संगीतानं कौसाबाईला मिसरीवरून जे झाडलं, ते कौसाबाईनं कमरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकलं, आणि “पोरगी शानी हाय” असा शेरा मारून जागेवर जाऊन पुन्हा मिसरी लावली.

मग आप्पांची दाढ दुखायला लागली. खालची, डावीकडची. आधी ते एका बाजूनं भाकरी खायला लागले, मग भाकरी दुधात बुडवून, मग नुसतं दूध. गाल सुजला. मी म्हटलं, चला आष्टीला, डॉक्टरला दाखवू. नको म्हणाले. मग म्हटलं, संगीताला तरी सांगा, तिचं तर कामच हे आहे. त्यावर त्यांनी मान जोरात हलवली आणि दुखून गाल धरला.

“तिनं एवढा ब्रश धाडला. अन् दाढ किडली म्हनून सांगू? तिला वाटंल म्या वापरलाच न्हाई.”

मी बरीच समजूत काढली. दाढ किडायला वर्षं लागतात, त्यात ब्रशचा काय दोष, असं सांगितलं. ते ऐकत आणि नकारार्थी बोट हलवत. दुपारी फोन लावला की सुजल्या गालानं “जेवलो” म्हणत.

कौसाबाईनं हे तीन-चार दिवस सोसलं. एका दुपारी आप्पांच्या तळहातावरचा फोन तिनं सरळ उचलून घेतला. “आगं संगे, मी समोरची कौसाबाई. तुज्या बापाची दाढ सुजून वांग्यायेवढी झालीय. बाप सांगंना, म्हनून मी सांगते.” आणि फोन परत तळहातावर ठेवून गेली.

आप्पा त्या फोनकडं बघत बसले. पलीकडून विचारलं, “आप्पा, खरंय का हे?”

आप्पा म्हणाले, “ब्रश रोज वापरतो म्या. गुरुजीला इचार.”

त्या रविवारी ती आली. फाट्यावर एसटीतून उतरून माळ तुडवत येताना मला दिसली. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला बॅग, उन्हासाठी डोक्यावरून ओढणी. बापासारखीच बारीक आणि ताठ. ओळींच्या सुरुवातीला कुणाला तरी विचारलं आणि सरळ आमच्या जाळीखाली येऊन उभी राहिली.

आप्पा शेण भरत होते. त्यांनी पाटी खाली ठेवली, हात धोतराला पुसले, परत पुसले. “आलीस,” एवढंच म्हणाले. तांब्याभर पाणी दिलं. ती प्यायली. बैलांकडं बघितलं, तांबड्याच्या कपाळावर हात ठेवला. मी उठून जाऊ लागलो तर आप्पांनी डोळ्यांनी मला थांबवलं, म्हणून बांबूच्या अलीकडं माझ्या कालवडीला खरारा करत राहिलो. कौसाबाईनं चहा आणून दिला आणि ती पहिल्यांदाच एक शब्द न बोलता परत गेली.

टँकरच्या ड्रायव्हरला आणि जनावरांच्या डॉक्टरला न सोडणारा तो माणूस मुलीसमोर नुसता बसला होता. तीही बशीत चहा ओतून फुंकर मारत होती. चहा कधीच निवला होता.

मग तिनं बशी खाली ठेवली. बॅगेतून बारकी बॅटरी आणि दांड्याचा आरसा काढला, आपले हात धुतले, आणि बाजेवर त्यांच्या समोर बसली. “आ करा.”

आप्पांनी तोंड उघडलं. तिनं एका हातानं त्यांची हनुवटी धरली, मान उजेडाकडं वळवली, आणि आत बघायला लागली. डाव्या बाजूला आरसा लावला, टेकवला, बॅटरी सरकवली. तिच्या कपाळावर आठी होती, कामाची. एवढ्या जवळून तिनं बापाचा चेहरा किती वर्षांनी बघितला असेल कोण जाणे. आप्पांची मान मागं झुकलेली होती. डोळ्यांच्या कडेतून पाणी निघून कानांकडं ओघळत होतं, आणि तोंड उघडं असल्यामुळं त्यांना काही बोलता येत नव्हतं.

“दुखतंय का?” तिनं विचारलं.

“अंहं.”

तिनं आरसा काढला, पण हनुवटी लगेच सोडली नाही. ओढणीच्या टोकानं त्यांचे दोन्ही कान पुसले. “दाढेला पू झालाय. इथं काढायची नाही. आमच्या डॉक्टरांना दाखवायची. तीन-चार खेपा होतील, तोवर माझ्याकडं राहायचं.”

आप्पांनी उघड्या तोंडानंच बैलांकडं बोट केलं.

“मी बघतो बैलांचं,” मी बांबूपलीकडून म्हणालो.

“हिरड्या चांगल्या ठेवल्यात,” ती हळू आवाजात म्हणाली. “रोज घासता, ते दिसतंय.” मग तिनं हनुवटी सोडली आणि बॅटरी विझवली. “झालं आप्पा. मिटा आता.”

आप्पांनी तोंड अर्धंच मिटलं.

“नीट दिसलं का?” ते म्हणाले. “घाईत बघितलंस. आनखी एकदा बग.”

ती क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिली. मग बाजेवर जरा पुढं सरकून बसली, बॅटरी पुन्हा लावली आणि त्यांची हनुवटी हातात घेतली.